मुंग्यांचा दगड

बाबांनी पाठवलेला शेताचा मोजणीचा नकाशा पाहून तुम्ही दोघांनी फोनवर मला विचारलंत, की आजी, पश्चिमेकडची पट्टी कुठे गेली, कोणी चोरली का. मी म्हटलं, सावकाश लिहून कळवते. चोरली कोणीच नाही. पण एवढं एका वाक्यात सांगून भागणार नाही, कारण त्या पट्टीत तुमची आत्या आहे. बाबांच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती, एवढंच बाबांना ठाऊक होतं. ती कुठे आहे हे गेल्या हिवाळ्यापर्यंत मलाही माहीत नव्हतं.

मुद्दाम मराठीत लिहिते आहे. उल्हासनगरच्या शाळेत मी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली. वर्गात निम्मी मुलं सिंधी, बाकीची आमच्यासारखी, आणि सगळ्यांना मी एकच शिस्त लावली, की शब्दाला शब्द ठेवायच्या आधी विचार करायचा. पण ‘वहिवाट’ या शब्दाला मला इंग्रजी शब्द मिळाला नाही. पझेशन म्हणावं तर तो ताबा झाला, यूझ म्हणावं तर नुसता वापर झाला. जिथे आपण वर्षानुवर्षं जातो-येतो, पेरतो, कापतो, आणि आपण असं करतो हे चार माणसांना ठाऊक असतं, ती वहिवाट. हा शब्द नीट कळला नाही तर पुढचं कळणार नाही.

जमीन हेंद्रेपाड्याच्या पलीकडे, नदीच्या अंगाला. आजोबांचे वडील आणि आजोबांचे काका या दोघा भावांची ती एकत्र होती, मग वाटणी झाली. पूर्वेकडची आपल्याकडे आली, पश्चिमेकडची काकांकडे, आणि मध्ये बांध. आजोबा अंबरनाथला कारखान्यात होते. आठवडाभर तिथे मशीनवर मापं घ्यायची आणि रविवारी शेतावर. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. मी डबा घेऊन जायची. तेव्हा तिथून नदीपर्यंत सगळं हिरवं दिसायचं. आता तिन्ही बाजूंना इमारती आहेत, आणि आपलं शेत त्यांच्यामध्ये पडलेल्या दाताच्या जागेसारखं दिसतं.

जमीन तुमच्या बाबांच्या नावावर करायची ठरली, तेव्हा मोजणीचा विषय मीच काढला. काका कधीच गेले होते. त्यांच्या मुलानं, म्हणजे आजोबांच्या चुलत भावानं, त्यांच्या बाजूची जमीन एका बिल्डरला द्यायचा करार केला होता. शेजारी भिंत उठायच्या आत आपली हद्द सरकारी माणसाकडून पक्की करून घ्यावी, असं मला वाटलं. आजोबा म्हणाले, “राहू दे ना. इतकी वर्षं चाललंय तसं चालू दे.” मी म्हटलं, अहो, मुलगा परदेशात, नातवंडं परदेशात, उद्या त्यांना बांध कोण दाखवणार. त्यांनी अर्जावर सही केली. ते नको का म्हणत होते, ते मला नंतर कळलं.

उद्या ही जमीन तुमच्याकडे येईल, म्हणून हे लक्षात ठेवा. सातबाऱ्यावर जे क्षेत्र लिहिलेलं असतं ते कागदावरचं. पायाखाली ते तेवढंच आणि तिथेच असेल असं नाही, आणि मोजणी त्यासाठीच असते. अर्जात चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं आणि पत्ते बरोबर द्यावे लागतात, कारण प्रत्येकाला नोटीस जाते, आणि ती परत आली तर काम अडतं. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहायचं. बांधावरचं गवत आधी काढून ठेवायचं, पण जुन्या दगडाला हात लावायचा नाही, चुना फासायचा नाही. मोजणीवाल्यांनी कागद पुढे केला तर सही हजेरीची आहे की मान्यतेची, हे विचारून मग करायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आपण मोजणी मागतो तेव्हा आपण एक प्रश्न विचारत असतो. उत्तर काय येईल ते आपल्या हातात नसतं.

आता त्या मुलीबद्दल.

उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ती झाली. हातापायानं बारीक, पण केस पुष्कळ. घरी आणली आणि आठवडाभरात गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नाव नाही. आमच्यात एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आजोबा आणि त्यांचे काका तिला पांढऱ्या फडक्यात घेऊन गेले. मी गावातल्या घरी आतल्या खोलीत होते. ती कुठे ठेवली ते बाईला दाखवायचं नसतं, असं सासूबाईंनी आजोबांना बजावून सांगितलं होतं. दाखवलं तर तिचा पाय तिथून निघत नाही, आणि पुढच्या मुलावर मन बसत नाही, असं म्हणतात. मी एकदा विचारलं. आजोबा म्हणाले, नदीकडे. मला ते खरं वाटलं. नदीला पूर यायचा तेव्हा मी खिडकीशी उभी राहायची.

आपल्या बांधाच्या पायथ्याशी एक काळा दगड होता, गुडघ्याएवढा, उभा रोवलेला. त्याच्याशेजारी शेवग्याचं झाड, त्यामुळे दुपारी तिथेच तेवढी सावली. डबा घेऊन गेले की मी तिथे टेकायला जायची आणि आजोबा लांबून म्हणायचे, “तिथं नको बसू, मुंग्या आहेत.” पहिल्यांदा मी उठून पाहिलं, मुंग्या दिसल्या नाहीत. पुढल्या वेळी पुन्हा तेच. मग मी जांभळाखाली बसायला लागले, जरी तिथे ऊन यायचं. तुमचे बाबा लहानपणी त्याला मुंग्यांचा दगड म्हणायचे. सगळा गाव त्याला हद्दीचा दगड म्हणायचा. दोन शेतांच्या मध्ये, बांधाला लागून उभा असलेला दगड दुसरा कशाचा असणार, असंच कोणालाही वाटलं असतं.

मोजणीचा दिवस आला तेव्हा भात कापून झालं होतं, शेतात नुसती धसकटं होती. भूमापक आणि त्यांचा मदतनीस आले. तीन पायांच्या तिकाटण्यावर एक यंत्र, आणि हातात एक काठी, तिच्या टोकाला अळंब्यासारखी टोपी. काठी टेकवली की उपग्रहावरून जागा कळते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आजोबांचे चुलत भाऊ बांधावर उभे होते. ते माझ्यापेक्षा वयानं लहान, मला वहिनी म्हणतात, आणि माझी चेष्टा केल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. माझ्या हातातली फाईल पाहून म्हणाले, “वहिनी, आज परीक्षा हाय का? माझा नंबर कुठल्या बाकावर?”

भूमापक म्हणाले, “आधी तुमची वहिवाट दाखवा.”

आजोबा पुढे, काठीवाला मागे. आजोबा बांधाच्या कडेनं चालत गेले. दगडाशी आल्यावर त्यांनी त्याला वळसा घातला. दगड आपल्या आत राहील असा, पण त्याला पाय लागणार नाही एवढा लांबून. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, मुंग्या. माझी पिशवी मात्र मी त्याच दगडाला टेकवून ठेवली होती. त्यात पाण्याची बाटली आणि बिस्किटं.

मग जुन्या नोंदीप्रमाणे कोपरे काढायचं काम सुरू झालं. काठी पुढे गेली, मागे आली, बांधापासून आपल्या शेतात बरीच आत सरकली, आणि तिथेच थांबली. मदतनिसानं खुंटी ठोकली आणि लाल रंग लावला. दगड आणि खुंटी यांच्यात चांगलं बारा-तेरा फूट अंतर. म्हणजे खरी हद्द आपल्या शेतातून जात होती, आणि बांध, दगड, शेवगा सगळं काकांच्या बाजूला.

दीर आधी हसले. म्हणाले, “बघ वहिनी, जल्मभर कारखान्यात केसाएवढं माप घेतलं यानं, आणि सोताच्या शेतात चुकला.” कोणी हसलं नाही. मग त्यांचंही हसू गेलं. त्यांनी बांधाकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं. भूमापकांनी विचारलं, “हा दगड नोंदीत नाही. कोणी रोवला?”

“मी,” आजोबा म्हणाले.

“ऐकलं ना साहेब? लिवून घ्या,” दीर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण तो वेगळा झाला. मरेपर्यंत आपला बाप या दगडापाशी नांगर उचलायचा, असं ते सांगू लागले. आम्ही पोरं विचारायचो, तर म्हणायचा, दगडाच्या पलीकडे आपलं काही नाही. आम्हाला वाटायचं बाप भित्रा, थोरल्या घराला भितो. मग आजोबांकडे वळून म्हणाले, “दगड चालत चालत आमच्यात आला, आन आमच्या बापाला तू बोलू पण दिलं नाय, दादा.”

मला राग आला होता आणि मी काहीतरी बोलणार होते, की आम्ही कोणाची फूटभर जमीन खाल्लेली नाही. तेवढ्यात आजोबा बोलले, अगदी हळू, भूमापकांना सांगावं तसे.

“हद्दीचा नाही तो दगड. खड्डा याच्या बापानंच खणला होता. आमची पहिली मुलगी आहे खाली.”

दिरांनी पायातल्या चपला काढल्या. धसकटांत अनवाणी उभे राहिले. भूमापक यंत्राच्या पडद्याकडे पाहत राहिले, मदतनीस रंगाचा डबा हातात घेऊन तसाच. मी पुढे गेले आणि दगडाला टेकवलेली पिशवी उचलली. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. पिशवी उचलायला हवी, एवढंच कळलं.

परतताना रिक्षात आजोबांनी सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं आहे. त्या दिवशी दोघे बांधावर खणायला लागले होते. काका म्हणाले, बांधावर नको, बांधावरनं माणसं जातात, गुरं जातात, दर साली आपण तो छाटतो. माझ्यात चल. आणि बांध ओलांडून त्यांनी स्वतःच्या शेतात, शेवग्याच्या मुळाशी जागा दिली. दगडही त्यांनीच नदीवरून खांद्यावर आणला, आजोबांनी तो रोवला. पुढच्या साली पेरणीच्या आधी काकांनी जुना बांध मोडला आणि दगडाच्या पलीकडे, आपल्याच शेतात आत सरकून, नवा घातला. मुलांना सांगितलं, पाणी नीट धरत नव्हतं. आजोबांना तिच्याकडे जायला कधी दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवावा लागू नये, म्हणून. कागद झाला नाही, कोणाला सांगणंही झालं नाही. नांगर फिरवून देणं झालं, आणि ते इतकी वर्षं टिकलं.

नकाशा हातात आला, तोच तुम्ही पाहिलात. त्यात दोन रेषा आहेत. सलग रेष म्हणजे नोंदीप्रमाणे हद्द. तुटक रेष म्हणजे वहिवाट. त्या दोन रेषांमधली पट्टी, तीच तुमची हरवलेली पट्टी.

मी वकिलांकडे जायचा हट्ट धरला. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्यांकडून पुन्हा मोजून मिळते, तिला निमताना मोजणी म्हणतात, हे मला तिथे कळलं. वकील म्हणाले, पुन्हा मोजूनही रेष बहुधा तिथेच येईल. पण वहिवाट इतक्या वर्षांची आहे, कोर्टात उभं राहता येईल. एकच गोष्ट सांभाळा. “काकांनी जागा दिली होती, हे कुठेही बोलू नका. परवानगीनं वापरली म्हटलं की हक्क संपला. पहिल्यापासून आमचीच, त्यांचा काही संबंध नव्हता, असं सांगायचं.”

आजोबांनी विचारलं, “म्हणजे त्यांनी दिलं नाही, असं म्हणायचं?”

“तसंच.”

“मग नको.”

जिना उतरताना मी त्यांच्याशी भांडले. आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत मी रस्त्यात भांडले नव्हते. एक वाक्य खोटं बोलायचं, तेही गेलेल्या माणसाविषयी, आणि बदल्यात ती आपल्याकडे राहते. मी म्हटलं, “तुम्ही तिला इतकी वर्षं एकट्यानं सांभाळलंत. मला ती आत्ता कुठे सापडली आहे.”

ते जिन्यात थांबले. म्हणाले, “त्या दिवशी आपल्या पोरीला जागा देणारा तो एकटाच माणूस होता. त्यानं दिली नाही, असं मी नाही सांगणार.”

मी पुढच्या पायऱ्या उतरले. बोलण्यासारखं होतं, अजूनही आहे. पण त्यांचं बरोबर होतं, आणि त्यांचं बरोबर असल्याचा मला फार त्रास झाला.

दीर घरी आले. नेहमी सोफ्यावर पसरून बसणारा माणूस, दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. ते बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आले होते. पट्टी तेवढी सोडा म्हणून सांगून पाहिलं. पण करार सगळ्या भावंडांच्या सह्यांनी नोंदलेला, इमारतीचा नकाशा मंजूर, त्या बाजूला गाड्या उभ्या करायची जागा दाखवलेली आणि भिंत नेमकी सलग रेषेला लागून. समोरच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, आणि वाईट वाटलं म्हणाला, आणि झालं. “वहिनी,” दीर म्हणाले, “बापानं एका सबदानं सांगितलं नाय. सांगितलं असतं, तर मी तेवढं कापूनच सही केली असती.” मी त्यांना चहा दिला. तो त्यांनी तसाच ठेवला.

पण सांगितलं असतं तर मलाही कळलं असतं, आणि मला कळू नये म्हणून तर त्या दोघांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मी हे कितीदा उलटसुलट करून पाहिलं आहे. कुठल्याही बाजूनं धरलं तरी दोष द्यायला माणूस सापडत नाही.

तिला तिथून हलवावं का, असंही मी विचारलं. आजोबा म्हणाले, “आता तिथं माती आहे नुसती. त्यातली कुठली उचलायची?” मग दीर म्हणाले, निदान दगड तरी तुमच्याकडे आणून देतो, तिथे तो काँक्रीटखाली जाईल.

एका सकाळी आम्ही तिघे गेलो. दिरांनी गावातले दोन गडी आणले होते, पहारी घेऊन. शेवगा आधीच तोडलेला होता. मी म्हटलं, जरा थांबा, आणि त्या दगडापाशी खाली बसले. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायचं मनात होतं, पण माणसं ताटकळत होती, म्हणून थोड्या वेळानं उठले. मी हळदकुंकू नेलं होतं, ते पिशवीतून काढलंच नाही. त्या वयाच्या बाळाला काय वाहायचं असतं ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायला सासूबाई नव्हत्या.

गड्यांनी पहार घातली. दगड वाटला त्याहून खोल होता. तो एका बाजूला कलला आणि खालची ओली जागा उघडी पडली, तेव्हा तिथून मुंग्या निघाल्या. लाल, बारीक, पुष्कळ. तांदळाच्या कणीएवढी पांढरी अंडी तोंडात धरून चारी दिशांना धावत होत्या, जागा शोधत.

आजोबा वाकून पाहत होते. म्हणाले, “बघ. मी खोटं नव्हतो बोलत.”

दिरांनी तोंड फिरवलं. मी आजोबांचा हात धरला. चारचौघांत मी तो कधी धरत नाही.

दगड रोवायचा कुठे, असं गड्यांनी विचारलं. भूमापकांनी ठोकलेली खुंटी कोपऱ्यावर होती, लाल रंग अजून दिसत होता. दिरांनी तिथेच खड्डा घ्यायला लावला. आता तो दगड खरोखर हद्दीचा झाला आहे. सलग रेषेवर, अगदी नोंदीत आहे त्याच ठिकाणी. तुमच्या वेळी कोणी मोजायला आलं तर काठी त्याच्यापाशीच थांबेल, आणि कोणी काही विचारणार नाही.

पावसाळ्याआधी भिंत झाली. भिंतीपलीकडे काँक्रीट घातलं आहे आणि गाड्यांसाठी पिवळे पट्टे मारले आहेत. तुम्ही आलात की मी तुम्हाला घेऊन जाईन. दगडाकडे पाहू नका, त्याच्या खाली काही नाही. दगडाशी उभं राहून भिंतीकडे तोंड करायचं. भिंतीच्या पलीकडे, एका गाडीच्या लांबीएवढंही नाही, तिथे. माप मला नीट माहीत आहे, नकाशावर मी पट्टी लावून पाहिलं आहे.

बाबांना म्हणावं, फाईल हिरव्या कपाटात वरच्या खणात आहे, नकाशाची मूळ प्रत सगळ्यात वर. ती पट्टी परत मागायची नाही. ती आपली नव्हती, दिलेली होती.

आम्ही अजून कधीमधी रविवारी जातो. शेत पडीक आहे, वाल कोणी पेरत नाही. जांभूळही वठलं. मी त्या दगडापाशी जाऊन बसते, आणि आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे असतात. आता मी तिथे बसले तरी ते काही म्हणत नाहीत.